विश्लेषण : हाडे निर्जीव नसतात, हे कोणी दाखवले? लाल हाडांचे प्रयोग करणारे जॉन हंटर आणि एका सांगाड्याचा 240 वर्षांचा वाद

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खुंटीला टांगलेला सांगाडा बहुतेकांनी शाळेत पाहिलेला असतो. पांढरट, कोरडा, खडखडणारा. त्यामुळे हाड म्हणजे शरीराच्या आत बसवलेला एखादा दगडी खांब, अशीच आपली समजूत होते. प्रत्यक्षात जिवंत माणसाचे हाड ओलसर असते, त्यात रक्त खेळते, ते दुखते, मोडले तर स्वतःला सांधते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग दर वर्षी काढून टाकला जातो आणि तेथे नवे हाड तयार होते.

हे आज डॉक्टरांना पाठ असते. पण हाड एकाच वेळी बांधलेही जाते आणि झिजवलेही जाते, ही गोष्ट 18व्या शतकात प्रयोगाने दाखवणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे. ते नाव स्कॉटलंडच्या एका शेतकरी घरातून आलेल्या, शाळेत मन न रमलेल्या जॉन हंटर यांचे. त्यांना आधुनिक, शास्त्रीय शस्त्रक्रियेचे जनक मानले जाते. त्यांच्याच नावाच्या लंडनमधील संग्रहालयाने 2023 मध्ये एक सांगाडा प्रदर्शनातून हटवला. तो सांगाडा हंटर यांनी कसा मिळवला, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत काळा अध्याय आहे.

हंटर कोण होते, त्यांनी हाडांबाबत नेमके काय शोधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेऊ.

कोण होते जॉन हंटर?

जॉन हंटर यांचा जन्म फेब्रुवारी 1728 मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडजवळच्या लाँग कॅल्डरवुड या ठिकाणी झाला. दहा भावंडांमधले ते शेंडेफळ. 1741 मध्ये वडील वारले तेव्हा ते 13 वर्षांचे होते. पुस्तकात त्यांचे लक्ष लागत नसे. मुंग्या, पक्षी, बेडूक, झाडांची पाने यांच्या मागे ते दिवसभर रानात फिरत. पुढे काही काळ त्यांनी ग्लासगोत मेहुण्यांच्या लाकूडकामाच्या धंद्यात हात चालवला.

त्यांचे थोरले भाऊ विल्यम हंटर यांनी मात्र लंडनमध्ये नाव काढले होते. त्यांनी 1746 मध्ये कोव्हेंट गार्डन भागात शरीररचनाशास्त्राचे खासगी वर्ग सुरू केले. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने शवविच्छेदन करायला मिळे. इंग्लंडमध्ये तेव्हा ही पद्धत नवीन होती. सप्टेंबर 1748 मध्ये 20 वर्षांचे जॉन भावाच्या मदतीला लंडनला गेले.

लाकडावर बसलेला हात येथे कामी आला. पहिल्याच विच्छेदनात त्यांची सफाई पाहून विल्यम यांना भावाच्या हातातली कला कळली. पुढची सुमारे 12 वर्षे जॉन यांनी भावाच्या शाळेत विच्छेदने केली, विद्यार्थ्यांना शिकवले आणि नमुने तयार केले. त्याच काळात विल्यम चेसेल्डन आणि पर्सिव्हल पॉट या त्या काळच्या नामवंत शल्यचिकित्सकांकडे ते शिकले. चेसेल्डन यांचा हाडांवरचा सचित्र ग्रंथ 1733 मध्येच प्रसिद्ध झाला होता.

मृतदेह कोठून येत?

हा प्रश्न या गोष्टीच्या मुळाशी आहे. त्या काळात इंग्लंडमध्ये देहदानाची पद्धत नव्हती. विच्छेदनासाठी कायदेशीर मार्गाने मिळत ते फाशी गेलेल्या गुन्हेगारांचे देह, आणि तेही मोजकेच. 1752 च्या कायद्याने खुन्याचा देह विच्छेदनासाठी देणे हा शिक्षेचाच भाग केला. म्हणजे मृत्यूनंतर शल्यचिकित्सकांच्या टेबलावर जाणे ही सामान्य माणसाच्या दृष्टीने बदनामी होती.

विद्यार्थी वाढले, देह मात्र पुरत नव्हते. मग रात्री कबरी उकरून ताजे मृतदेह विकणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. लंडनमधल्या खासगी शाळा त्यांच्याकडून देह विकत घेत. हंटर बंधूंची शाळा याला अपवाद नव्हती आणि जॉन यांचा या व्यवहाराशी रोजचा संबंध होता. ज्या गरिबांना खोल कबर किंवा पहारा परवडत नसे, त्यांचेच देह सर्वाधिक पळवले जात.

युद्धभूमीवर हंटर काय शिकले?

1760 मध्ये हंटर लष्करात शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. 1761 मध्ये ब्रिटिश फौजांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे बेल-इल हे बेट घेतले, तेव्हा ते तेथे होते. नंतर ते पोर्तुगालमध्येही राहिले.

गोळी लागलेली जखम चाकूने आणखी मोठी करायची, बोट घालून गोळी शोधायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. बेटावर काही जखमी फ्रेंच सैनिक लपून बसले होते. त्यांच्यावर कोणीही उपचार केले नव्हते, तरी त्यांच्या जखमा बऱ्या होत असल्याचे हंटर यांनी पाहिले. शरीर स्वतःची डागडुजी करते आणि वैद्याने विनाकारण त्यात हात घालू नये, हा विचार त्यांच्या मनात तेथे पक्का झाला.

1763 मध्ये ते लंडनला परतले. पैसे नव्हते, रुग्ण नव्हते. काही काळ त्यांनी एका दंतवैद्याबरोबर काम केले. त्यातून 1771 मध्ये मानवी दातांवरचा त्यांचा ग्रंथ आला. 1767 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि 1768 मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक म्हणून नेमणूक झाली. देवीच्या लशीसाठी पुढे अजरामर झालेले एडवर्ड जेन्नर हे 1770 पासून हंटर यांच्या घरी राहून शिकत होते. नुसता तर्क लढवत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा, ही शिकवण जेन्नर यांना याच घरात मिळाली.

तेव्हा हाडांबद्दल काय समज होता?

हाडात सूक्ष्म नलिका असतात हे इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्स यांनी 1691 च्या ग्रंथात मांडले होते. आजही या नलिका त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. पण हाड वाढते कसे, यावर एकमत नव्हते. कोणी म्हणे, हाडातून झिरपणारा एक रस घट्ट होऊन हाड बनते. कोणी म्हणे, रक्तवाहिन्याच कडक होतात. कोणाच्या मते हाड कणकेच्या गोळ्यासारखे आतून सर्व बाजूंनी फुगत जाते.

अडचण अशी होती की हाड वाढताना दिसत नाही. मांस आणि कातड्याखाली, वर्षानुवर्षे, संथपणे चालणारे हे काम पाहायचे कसे? याचे उत्तर एका जेवणाच्या ताटात सापडले.

डुकराची हाडे लाल कशी झाली?

जॉन बेल्शियर हे लंडनचे शल्यचिकित्सक एकदा कापडावर छपाई करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे चक्क लाल होती. चौकशी केल्यावर कळले, की कापड रंगवण्यासाठी मॅडर नावाच्या वनस्पतीची मुळे वापरली जात आणि त्या रंगात भिजलेला कोंडा डुकरांना खायला घातला जाई. मॅडर ही आपल्याकडच्या मंजिष्ठेच्या जातकुळीतली वनस्पती आहे. बेल्शियर यांनी ही नोंद 1736 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

यातली गंमत अशी, की हा रंग सगळ्या हाडाला लागत नाही. मुळातले रंगद्रव्य कॅल्शियमला चिकटते. त्यामुळे ज्या दिवसांत प्राणी मॅडर खातो, त्या दिवसांत नव्याने तयार होणारे हाडच प्रामुख्याने लाल होते. एखाद्या भिंतीचे बांधकाम चालू असताना मधले काही दिवस लाल विटा वापरल्या, तर नंतर पाहणाऱ्याला त्या दिवसांचे काम लगेच ओळखता येईल. तसेच हे.

फ्रान्समध्ये आंरी-लुई दुआमेल द्यु मोंसो यांनी यावर पुढे काम केले. प्राण्यांना कधी मॅडर, कधी साधे खाणे देऊन त्यांनी हाडात लाल-पांढरी वलये मिळवली. झाडाचे खोड सालीखालून थर चढत जाड होते, तसे हाडही त्याच्या वरच्या आवरणाखाली थर चढत जाड होते, असे त्यांनी मांडले. पण एक प्रश्न उरलाच. बाहेरून थर चढत असतील, तर आतली मज्जेची पोकळी मोठी कशी होते?

हंटर यांनी नेमके काय दाखवले?

लंडनबाहेर अर्ल्स कोर्ट येथे हंटर यांनी जागा घेतली होती. तेथे डुकरे, कोंबड्या, मेंढ्यांपासून परदेशी जनावरांपर्यंत नाना प्राणी होते. याच ठिकाणी त्यांचे हाडांवरचे प्रयोग चालले. त्यातले तीन निष्कर्ष महत्त्वाचे ठरले.

पहिला, हाडाच्या जाडीचा. वाढत्या डुकरांना त्यांनी काही काळ मॅडर खाऊ घातले. काहींची हाडे लगेच तपासली, काहींना पुन्हा साध्या खाण्यावर ठेवून नंतर तपासले. लगेच तपासलेल्या हाडांत लाल थर बाहेरच्या बाजूला होता. नंतर तपासलेल्या हाडांत बाहेर नवा पांढरा थर आला होता आणि लाल थर आत गेला होता. आतल्या बाजूने मात्र हाड नाहीसे होत होते. म्हणजे बाहेरून भर पडते आणि आतून हाड काढून घेतले जाते. मज्जेची पोकळी मोठी होण्याचे कोडे असे सुटले.

दुसरा, हाडाच्या लांबीचा. त्यांनी वाढत्या प्राण्याच्या पायाच्या हाडाला दोन ठिकाणी भोके पाडून त्यात शिशाच्या बारीक गोळ्या बसवल्या आणि दोन गोळ्यांमधले अंतर मोजून ठेवले. प्राणी मोठा झाल्यावर हाड चांगलेच लांब झाले होते, पण गोळ्यांमधले अंतर तेवढेच होते. हाड रबरासारखे मधून ताणले जात नाही, ते टोकांकडे वाढते, याचा हा पुरावा होता. अशा खुणा करण्याचा प्रयत्न आधीही झाला होता, हंटर यांनी तो भर घालणे आणि काढून घेणे या एकाच सूत्रात बसवला.

तिसरा, जबड्याचा. लहान मुलाच्या जबड्यात मागच्या दाढांना जागाच नसते. मग ती येते कोठून? जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या पुढच्या कडेचे हाड काढले जाते आणि मागच्या कडेला नवे हाड घातले जाते, त्यामुळे दाढांपुरती जागा मोकळी होते, हे हंटर यांनी दाखवले. अक्कलदाढ अडकली म्हणून दंतवैद्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात हेच गणित चुकलेले असते.

याच प्रयोगांत दात आणि हाड यांतला फरकही समोर आला. हाडातला लाल रंग कालांतराने कमी होत जाई, दातात मात्र तो तसाच राही. याचा अर्थ हाडाची सतत पुनर्बांधणी होते, दाताची होत नाही. म्हणूनच मोडलेले हाड जुळते आणि तुटलेला दात जुळत नाही.

आजचे विज्ञान काय सांगते?

हंटर यांच्या हाती आजचे सूक्ष्मदर्शक नव्हते. भर घालणारे आणि काढून घेणारे कामगार कोण, हे पुढच्या शतकात पेशींचा अभ्यास सुरू झाल्यावर कळले.

हाड ही एक ऊती आहे, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेले साहित्य. या साहित्याचा वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे धागे आणि पाणी असते. खनिजामुळे हाड कडक होते, कोलॅजनमुळे ते चिवट राहते. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. याउलट अंत्यसंस्कारानंतर राखेतून वेचल्या जाणाऱ्या अस्थी हातात घेताच चुरतात, कारण आगीत कोलॅजन जळून फक्त खनिज उरलेले असते.

बाहेरचे हाड घट्ट असते. त्यात हॅव्हर्स नलिकांभोवती गोल थर रचलेले असतात आणि नलिकेतून रक्तवाहिन्या व चेता जातात. टोकांच्या आत जाळीदार, स्पंजसारखे हाड असते. त्यामुळे वजन कमी राहते आणि भार पेलला जातो. काही हाडांतल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात. शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडे आणि दातांत असते. रक्तातले कॅल्शियम कमी पडले की शरीर हाडांच्या साठ्यातून उचल करते.

कामगार पेशी मुख्यतः तीन प्रकारच्या. ऑस्टिओब्लास्ट नवे हाड घालतात. ऑस्टिओक्लास्ट आम्ल आणि विकरे सोडून जुने हाड विरघळवतात. बांधकामात स्वतःच अडकून राहिलेले ऑस्टिओब्लास्ट पुढे ऑस्टिओसाइट होतात. कोठे ताण पडतो, कोठे सूक्ष्म तडा गेला, याची खबर ते देतात. म्हणून चालणे, धावणे, वजन उचलणे यांनी हाड बळकट होते. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. अंतराळात भार नसल्याने अंतराळवीरांच्या कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्यांनी कमी होते.

गर्भात बहुतेक हाडांचा आराखडा आधी कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तशा लवचिक ऊतीचा असतो. त्याची जागा हळूहळू हाड घेते. कवटीची चपटी हाडे मात्र थेट पडद्यासारख्या ऊतीत तयार होतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी तारुण्यापर्यंत शिल्लक राहते, तिला वाढपट्टी म्हणता येईल. हंटर यांच्या शिशाच्या गोळ्यांमधले अंतर का वाढले नाही, याचे उत्तर या पट्टीत आहे. वाढ तेथे होते. पट्टीचे हाड झाले की उंची थांबते.

मोडलेले हाड कसे जुळते?

हाड मोडले की प्रथम तेथे रक्त साकळते. पुढच्या काही दिवसांत त्या जागी कूर्चा आणि तंतूंचा मऊ सांधा तयार होतो. काही आठवड्यांत त्याचे कच्चे हाड बनते. एक्स-रेमध्ये डॉक्टर दाखवतात तो फुगवटा हाच. त्यानंतर अनेक महिने, कधी वर्षे, ऑस्टिओक्लास्ट जादा हाड काढत राहतात आणि ऑस्टिओब्लास्ट नेमके हवे तेथे भरतात. प्लास्टर हाड जुळवत नाही. ते फक्त हाड सरळ आणि स्थिर ठेवते, जुळवणी शरीर करते.

हंटर यांनी हे स्वतःच्या अंगावर अनुभवले होते, फक्त हाडाऐवजी स्नायुबंधावर. 1767 च्या सुमारास नाचताना त्यांच्या टाचेमागची शीर तुटली. त्यांनी स्वतःवर उपचार केले, हिंडणे-फिरणे फारसे सोडले नाही आणि पुढे ही शीर कशी जुळते हे प्राण्यांवर अभ्यासले.

हंटर कोठे चुकले?

चुका बऱ्याच झाल्या. जुने हाड शोषून घेण्याचे काम लसिकावाहिन्या करतात, असे त्यांना वाटे. ते काम पेशी करतात. गरमी आणि परमा हे दोन लैंगिक आजार एकच आहेत, असा निष्कर्ष त्यांनी एका सदोष प्रयोगावरून काढला आणि 1786 च्या ग्रंथात छापला. त्यांच्या नावाच्या वजनामुळे ती चूक पुढे अनेक दशके टिकली.

दात बदलून बसवण्याच्या शस्त्रक्रियेचाही त्यांनी पुरस्कार केला. माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून त्यांनी तो तेथे धरल्याचे दाखवले होते. पण लंडनमध्ये या कल्पनेचा अर्थ वेगळा निघाला. श्रीमंतांच्या तोंडात बसवायला गरीब मुलांचे निरोगी दात पैसे देऊन उपटले जाऊ लागले. बसवलेले दात फार काळ टिकत नसत आणि त्यातून आजारही पसरत.

तरीही शल्यचिकित्सक म्हणून त्यांचे स्थान उंचावतच गेले. 1776 मध्ये ते राजे तिसरे जॉर्ज यांचे शल्यचिकित्सक झाले. गुडघ्यामागची रोहिणी फुग्यासारखी फुगली तर तेव्हा बहुधा पाय कापला जाई. 1785 मध्ये हंटर यांनी एका रुग्णाच्या मांडीत, वरच्या बाजूला, रोहिणी बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्ताचा भार उचलला आणि पाय वाचला.

आयरिश जायंट प्रकरण काय होते?

1782 मध्ये आयर्लंडहून चार्ल्स बर्न नावाचा तरुण लंडनला आला. त्यांची उंची आठ फुटांहून जास्त असल्याची जाहिरात होई. सांगाड्याच्या मापानुसार ती सुमारे 7 फूट 7 इंच होती. तिकीट काढून लोक त्यांना पाहायला येत. काही महिने ते लंडनभर गाजले. मग गर्दी ओसरली, दारूचे व्यसन वाढले आणि साठवलेली मोठी रक्कम चोरीला गेली. जून 1783 मध्ये वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी ते वारले.

मरण्याआधी त्यांना एकच धास्ती होती. आपला देह शल्यचिकित्सकांच्या हाती पडेल, ही. त्यामुळे आपल्याला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात बुडवावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी मित्रांना सांगून ठेवली होती. हंटर यांना हा देह हवाच होता. वाटेत लाच देऊन तो बदलण्यात आला. ही रक्कम 500 पाउंड होती असे सांगितले जाते. देह अर्ल्स कोर्टला नेऊन उकळण्यात आला आणि हाडे वेगळी करण्यात आली. हंटर यांनी काही काळ हा सांगाडा लपवून ठेवला. 1786 मध्ये चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांनी काढलेल्या हंटर यांच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात त्या सांगाड्याचे पाय दिसतात.

हाडे बाहेरून भरत जातात आणि टोकांना लांब होतात, हे ज्यांनी दाखवले, त्यांना एवढी लांब हाडे कशी तयार झाली याचे कुतूहल असणे समजण्यासारखे आहे. पण बर्न यांनी दिलेला नकार त्यांना माहीत होता.

या सांगाड्यातून पुढे ज्ञान मिळाले, हेही खरे. 1909 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांच्या उपस्थितीत कवटी उघडण्यात आली, तेव्हा पियुषिका ग्रंथीची खोबण मोठी झालेली आढळली. या ग्रंथीवरील गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त स्रवले होते. वाढपट्टी उघडी असताना असे झाले की हाडे लांबतच जातात. 2011 मध्ये दातांतून मिळालेल्या डीएनएमध्ये एक जनुकीय बदल सापडला. तोच बदल उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही कुटुंबांतही आहे. त्यामुळे अशा कुटुंबांतील व्यक्तींची वेळेत तपासणी करता येते.

हंटर यांचा शेवट कसा झाला?

1783 मध्ये हंटर लेस्टर स्क्वेअरमधील मोठ्या घरात राहायला गेले. पुढच्या दाराने रुग्ण आणि पत्नी अॅन यांच्याकडे येणारे कवी-कलावंत येत. अॅन स्वतः कवयित्री होत्या. मागच्या गल्लीतल्या दाराने विद्यार्थी आणि मृतदेह येत. मधल्या जागेत संग्रहालय उभे राहिले. त्यात पुढे सुमारे 14 हजार नमुने जमले आणि हंटर यांची कमाई त्यातच जिरली.

1773 पासून त्यांना छातीत कळा येत. राग आला की त्रास वाढे. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. हंटर खोलीबाहेर पडले आणि कोसळले. ते 65 वर्षांचे होते. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या.

घरात पैसे नव्हते. सहायक विल्यम क्लिफ्ट यांनी तुटपुंज्या पगारावर संग्रह सांभाळला. 1799 मध्ये सरकारने तो 15 हजार पाउंडांना विकत घेऊन शल्यचिकित्सकांच्या संस्थेकडे सोपवला. हाडांच्या वाढीवरचे निष्कर्षही हंटर यांच्या मृत्यूनंतरच, मेहुणे एव्हरार्ड होम यांच्यामार्फत प्रसिद्ध झाले. पण याच होम यांनी 1823 मध्ये हंटर यांची बहुतेक हस्तलिखिते जाळली. त्यातला मजकूर ते स्वतःच्या नावावर वापरत होते, असा आरोप त्यांच्यावर आहे. क्लिफ्ट यांनी आधीच काही भागाच्या नकला करून ठेवल्या होत्या, तेवढे वाचले. मे 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. वाचलेल्यांत चार्ल्स बर्न यांचा सांगाडा होता.

2023 मध्ये काय ठरले?

नूतनीकरणासाठी 2017 मध्ये बंद झालेले हंटेरियन म्युझियम मे 2023 मध्ये पुन्हा उघडले. बर्न यांचा सांगाडा यापुढे प्रदर्शनात ठेवायचा नाही, असा निर्णय विश्वस्तांनी त्याआधी जानेवारीत जाहीर केला. संशोधनासाठी मात्र तो जपून ठेवण्यात आला आहे. जनुकीय बदल सापडला, नमुनेही घेऊन झाले, आता तरी त्यांना समुद्रात निरोप द्यावा, अशी मागणी करणाऱ्यांचे समाधान यातून झालेले नाही. भविष्यातील तपासण्यांसाठी हाडे लागतील, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे.

दरम्यान कायदे बदलले. ब्रिटनमध्ये 1832 च्या कायद्याने विच्छेदनासाठी देह मिळवण्याची अधिकृत व्यवस्था झाली, तरी त्यातही भरणा बेवारस गरिबांचाच राहिला. 2004 च्या कायद्याने संबंधित व्यक्तीची संमती हा पाया मानला. महाराष्ट्रातही वैद्यकीय विद्यार्थी स्वेच्छेने झालेल्या देहदानातून शरीररचना शिकतात.

याचा आज आपल्याशी काय संबंध?

हाड बळकट आहे की ठिसूळ, हे भर आणि झीज यांच्या जमाखर्चावर ठरते. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त असते. नंतर झीज हळूहळू पुढे जाते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ती झपाट्याने वाढते. ऑस्टिओपोरोसिसवरील अनेक औषधे ऑस्टिओक्लास्टना आवरतात, काही नवे हाड घालण्यास चालना देतात. पुरेसे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि भार पडणारा व्यायाम यांचा सल्ला याच हिशेबातून दिला जातो.

हंटर यांची युक्तीही वापरात आहे. हाड किती वेगाने तयार होते हे तपासायचे असल्यास रुग्णाला ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ते नव्या हाडात बसते. मग हाडाचा बारीक तुकडा काढून विशिष्ट प्रकाशात पाहिला की दोन चमकत्या रेषा दिसतात. त्यांच्यातले अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत घातलेले हाड. फरक इतकाच, की आता हा तुकडा काढण्याआधी रुग्णाची लेखी संमती घेतली जाते.